वेबकॉमिकचा श्रीगणेशा आणि दीड दिवसाचे विसर्जन

इंटरनेटवर ठरलेल्या वारी, भागाभागाने प्रसिद्ध होणारी आणि मुख्यतः फोनच्या पडद्यावर वाचली जाणारी चित्रकथा म्हणजे वेबकॉमिक, अशी या कलाप्रकाराची सर्वसाधारण व्याख्या करता येते; मात्र ती केवळ प्रसिद्ध झालेल्या वेबकॉमिकला लागू पडते, आणि या प्रकारातील फार मोठा ऐवज कायम अप्रसिद्ध अवस्थेत नांदत असल्यामुळे अभ्यासकाची पंचाईत होते. उदाहरणार्थ, मुंबईतल्या गिरगावात ठाकूरद्वारच्या नाक्यावरून फणसवाडीत, झावबावाडीत किंवा खोताच्या वाडीत शिरणाऱ्या परक्या माणसाला कठडे, कुंड्या आणि वाळत घातलेले कपडे एवढेच दिसते. परंतु त्याच कठड्यांच्या आतल्या खोल्यांत, कोणाच्या वहीच्या मागच्या पानांवर तर कोणाच्या फोनमधल्या टिपणांत, 'लवकरच येत आहे' या पाटीखाली वर्षानुवर्षे सुखाने राहणाऱ्या मालिकांची वस्तीही कमी नसते. या अवस्थेला नियोजनावस्था म्हणावे. ती वेबकॉमिकच्या आयुष्यातली सर्वांत दीर्घ, सर्वांत आनंददायक आणि पुष्कळदा एकमेव अवस्था होय.

नियोजनावस्थेत प्रवेश करताना होतकरू मालिकाकार प्रथम परंपरेचा आधार घेतो, आणि गिरगावात परंपरा शोधण्यासाठी फार चालावे लागत नाही. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्याच कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. मौज प्रकाशनाने खटाववाडीत बसून मराठी साहित्याचा संसार चालवला. 'दीपावली'कार दीनानाथ दलाल यांचा स्टुडिओ केनेडी पुलाजवळ होता. आणि एकामागून एक चित्र समोर धरून गोष्ट सांगण्याची कला तर सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथींनी, रंगीत चित्रांची पोथी मांडून, संगणकाच्या कितीतरी आधीपासून जोपासली आहे. ही नामावळी अभिमानास्पद असली तरी होतकरू तिचा उपयोग एका विशिष्ट कामासाठी करतो: एवढ्या मोठ्या परंपरेत पहिले पाऊल घाईने टाकणे बरे नव्हे, असे तो स्वतःला बजावतो आणि पुन्हा चहा मागवतो. फाळक्यांच्या चरित्रातली त्याला खरोखर उपयोगी पडणारी हकिगत वेगळीच आहे. १९१२ साली, मोठ्या चित्रपटासाठी भांडवल उभे करण्यापूर्वी, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्या वाढीची चित्रे महिनाभराहून अधिक काळ रोज नेमाने टिपली आणि त्यांतून एक छोटा चित्रपट तयार केला; म्हणजे हरिश्चंद्राच्या आधी त्यांनी वाटाण्याची मालिका पूर्ण केली. ठाकूरद्वारच्या होतकरूला मात्र थेट हरिश्चंद्रापासूनच सुरुवात करावयाची असते. वाटाणा त्याला कमीपणाचा वाटतो.

पुढची पायरी शास्त्रानुसार विषय ठरवण्याची असली तरी व्यवहारात ती नाव ठरवण्याची असते. फणसवाडीच्या कोपऱ्यावरच्या 'विनय'मध्ये मिसळ मागवून मित्रमंडळी या प्रश्नावर बसली की नावाबरोबरच बोधचिन्ह, त्या नावाचे इन्स्टाग्रामवरचे खाते आणि पुढे कधीतरी छापावयाच्या टी-शर्टांचे रंग हेही मार्गी लागतात. एखाद्या व्यवहारी मित्राने या टप्प्यावर 'पण गोष्ट काय आहे?' असे विचारल्यास त्याला तिरसट ठरवून त्याच्यासाठी आणखी एक पाव मागवण्यात येतो. खाते उघडताच घोषणा होते, घोषणेला नातेवाइकांकडून अंगठे मिळतात, आणि काम न करताच कौतुक पदरात पडल्यामुळे काम करण्याचे निम्मे कारण तेथेच संपते. श्रीगणेशा आणि विसर्जन यांच्यात दीड दिवसाचेही अंतर न राहिल्याची जी उदाहरणे आढळतात, ती बहुतेक याच पायरीवरची आहेत.

ज्यांचा निभाव येथून पुढे लागतो त्यांना विश्वनिर्मिती गाठते. कथा ज्या जगात घडते त्याचा भूगोल, इतिहास, घराणी आणि वैरे यांची आधीच करून ठेवलेली नोंद म्हणजे विश्वनिर्मिती. लांब पल्ल्याच्या साहसकथेला तिची थोडीबहुत गरज असते, आणि अपाय होतो तो प्रमाणामुळे. १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सने घरोघरी पोचवलेला ली फॉक यांचा वेताळ हा आपल्या घराण्यातला एकविसावा असतो, हे खरे. पण १९३६ साली वृत्तपत्रात ही चित्रमालिका सुरू झाली ती चालू पिढीच्या वेताळापासून, आणि पूर्वजांच्या कथा गरजेप्रमाणे मागाहून सांगण्यात आल्या. ठाकूरद्वारचा विश्वनिर्माता पहिल्या पिढीपासून प्रामाणिकपणे निघतो. त्याचा महानायक मुगभाटात जन्मावयाचा असतो. परंतु त्याआधी सात बेटांच्या काळातला मूळपुरुष, त्या मूळपुरुषाला समुद्रात सापडलेला मणी आणि मण्याच्या मागावर असलेले पोर्तुगीज यांची व्यवस्था लावावी लागते, आणि तीन वह्या भरून झाल्या तरी नायकाच्या आजीचेच लग्न ठरलेले नसते. चौकट अर्थातच एकही काढून झालेली नसते.

याच्या अगदी उलट उदाहरण मराठीतच उपलब्ध आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' नोव्हेंबर १९९१ मध्ये पुण्याच्या 'सकाळ'मध्ये अवतरला आणि इतकी वर्षे टिकला की त्याच्या बरोबरीने शाळेत जाणारी मुले आता स्वतःच्या मुलांना शाळेत सोडू लागली, चिंटूला मात्र दाढीमिशा फुटल्या नाहीत. या मालिकेचे विश्व म्हणजे आईवडील, पप्पू, मिनी, बगळ्या, शेजारच्या जोशीकाकू आणि मुलांचे खेळ. त्याला नकाशा लागला नाही की वंशावळ लागली नाही. पात्राचा स्वभाव एकदा पक्का झाला की प्रसंग तो स्वभावच पुरवीत राहतो, आणि स्वभाव कच्चा असेल तर सात बेटांचा इतिहासही दुसऱ्या आठवड्याला अपुरा पडतो, हे मालिकाशास्त्राचे पहिले सूत्र येथे हाती लागते. मालिकेमागे एकाऐवजी दोन माणसे असण्याचा एक जादा लाभही संभवतो: एकाचा आळस दुसऱ्याला दिसतो.

स्वभावांच्या बाबतीत चाळीतल्या मालिकाकाराइतका सुखवस्तू कलावंत दुसरा नसेल, कारण पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याच्या चाळी'ने हा साठा जाहीर केल्याला अर्धशतक उलटून गेले तरी तो आटलेला नाही. प्रत्येक पात्राचा एक तक्ता आधी करून ठेवावा लागतो; समोरून, बाजूने, पाठमोरे, हसताना आणि चिडताना ते कसे दिसते हे एकाच कागदावर काढलेले असले म्हणजे पहिल्या भागातले सरळ नाक पाचव्या भागात बाकदार होत नाही. पात्राची आकृती पूर्ण काळ्या रंगाने भरली तरी ते ओळखू यावे, ही दुसरी कसोटी. तिसरी कसोटी तांत्रिक नसून शेजारधर्माची आहे: कोणाही एका शेजाऱ्याला जसाच्या तसा उचलू नये, तळमजल्यावरचे पोट, दुसऱ्या मजल्यावरचा चष्मा आणि तिसऱ्या मजल्यावरचा आवाज यांचा संकर करावा. तेवढ्यानेही तक्रारी टळत नाहीत. ज्यांना आपण मालिकेत दिसलो ते चार दिवस रुसतात आणि ज्यांना आपण दिसलो नाही ते कायमचे. 'आमच्यात तुला काय कमी दिसलं रे?' हा समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंचा प्रश्न कोणत्याही समीक्षेपेक्षा कठीण असतो, कारण त्याच काकू दुपारी मालिकाकाराच्या घराची किल्ली सांभाळतात.

यानंतर संहिता. चित्रकथेतील एका क्षणाला वाहिलेल्या कप्प्यास चौकट म्हणतात, आणि दोन चौकटींमध्ये जी कोरी पट्टी सुटते ती नवशिक्याला केवळ जागा वाटते. वस्तुतः गोष्टीचा बराचसा भाग त्या पट्टीतच घडतो. अमेरिकन चित्रकार स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ साली 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' या चित्ररूप ग्रंथात हे सविस्तर मांडले: दोन क्षणांमधला काळ वाचक स्वतःच्या मनाने भरून काढतो. गिरगावात हा सिद्धांत समजावून देण्यासाठी परदेशी उदाहरणाची गरज नाही. पहिल्या चौकटीत चाळीच्या जिन्याखालचा फळा आणि त्यावर 'पुनर्विकासाबाबत सभा, रविवारी सकाळी १० वाजता' अशी सूचना काढावी. ती वाचणारा मुलगा शाळेच्या गणवेशात असावा. दुसऱ्या चौकटीत तोच फळा, तीच सूचना, आणि वाचणाऱ्याला मिशी. तिसऱ्या चौकटीत तोच फळा, मिशी पांढरी, फळ्याला टेकू. चौथ्या चौकटीत म्हातारा काठी टेकून उभा, शेजारी गणवेशातला नातू, आणि संपूर्ण भागातला एकुलता एक संवाद नातवाच्या तोंडी: 'आजोबा, रविवार कधी आहे?' तीन कोऱ्या पट्ट्यांमध्ये साठ वर्षे गेली, त्यांपैकी एकही काढावी लागली नाही, आणि ती वर्षे कशी गेली हे गिरगावच्या वाचकाला चित्रकारापेक्षा अधिक ठाऊक आहे.

हाच भाग होतकरूच्या हाती प्रथम वेगळ्या रूपात उतरतो. पहिल्या चौकटीत तो पुनर्विकासाची पार्श्वभूमी लिहितो, दुसरीत उपकरप्राप्त इमारत म्हणजे काय ते सांगतो, तिसरीत विकासकाचे पात्र आणून त्याच्याकडून खलनायकी हास्य करवून घेतो आणि चौथीत विनोद कुठे झाला हे कंसात कळवतो. यावरचा उपाय शि. द. फडणीस यांनी अनेक दशके दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरून सांगितला आहे. त्यांच्या 'मोहिनी'वरच्या १९५२ सालच्या गाजलेल्या चित्रात एका तरुण-तरुणीच्या कपड्यांवरची नक्षी उंदीर आणि मांजर यांची आहे. तिथे शब्द एकही नाही, आणि कोणाला काही समजावून सांगावे लागल्याचे ऐकिवात नाही. म्हणून संहिता लिहून झाली की प्रत्येक फुग्यावर बोट ठेवून हा काढला तर काय बिघडते असे विचारावे, आणि काही बिघडत नसल्यास तो निर्दयपणे काढावा. फुगा म्हणजे पात्राचे बोलणे ज्यात लिहितात ती गोलसर जागा. नवशिक्याच्या चौकटीत तो इतका वाढतो की पात्रांना उभे राहण्यासाठी भाड्याने जागा घ्यावी लागते.

साधनांविषयी थोडक्यात सांगता येईल, कारण होतकरू स्वतः त्याविषयी फार विस्ताराने बोलत असतो. कागद, पेन्सिल, काळे पेन आणि फोनचा कॅमेरा एवढ्यावर वेबकॉमिक सुरू होऊ शकते. संगणकावर काढावयाचे असेल तर क्रिता नावाची चित्रकलेची प्रणाली विनामूल्य मिळते, आणि पेन्सिलीचा कच्चा आराखडा, त्यावरची शाई आणि रंग हे तिच्यात वेगवेगळ्या पारदर्शक थरांवर ठेवता येत असल्यामुळे एक चुकला तर बाकीचे वाचतात. परंतु विनामूल्य साधनात एक मोठा दोष असतो: ते आजच मिळते आणि त्यामुळे काम पुढे ढकलता येत नाही. सबब होतकरू आधी महागड्या टॅबचा विचार करतो, त्यासाठी हप्ते बसवतो, टॅब आल्यावर पडद्याला लावायचा कागदासारखा खरखरीत पापुद्रा शोधतो, मग दोनशे प्रकारचे कुंचले उतरवून घेतो आणि त्या दोनशे कुंचल्यांनी एकेक रेघ ओढून पाहण्यात जो रविवार जातो, त्याला संशोधन म्हणतो.

मराठी मालिकाकाराची खरी परीक्षा अक्षरांत असते आणि परदेशी मार्गदर्शनात ती सहसा सापडत नाही. इंग्रजी कॉमिकमधली अक्षरे बहुधा मोठ्या लिपीतली, एका उंचीची असतात आणि ओळींवर ओळी चिकटून बसवता येतात. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार असा दुमजली कारभार असल्यामुळे ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेच्या डोळ्यात बोट घालतो. म्हणून आधी मजकूर लिहावा, ओळींमध्ये मोकळा श्वास ठेवावा आणि मग त्याभोवती फुगा काढावा. आधी फुगा काढून त्यात मजकूर कोंबणारा शेवटी व्याकरणाचा बळी देतो. दुसरे संकट प्रणालीचे आहे. देवनागरीची जोडणी न समजणाऱ्या प्रणालीत मजकूर टाकला की ऱ्हस्व वेलांटी आपल्या अक्षराच्या मागे जाऊन पुढच्याला चिकटते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी होतात, त्यामुळे गिरगावचे 'गरिगाव' आणि ठाकूरद्वारचे 'ठाकूरद् वार' होऊन रहिवाशांना पत्ता बदलल्याचा भास होतो. योग्य प्रणाली आणि युनिकोड टंक वापरल्यास हे टळते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'बलू' हा गुबगुबीत टंक विनामूल्य असून संवादांना शोभतो. र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' पुष्कळ संगणकांत आयता सापडतो, पण त्यात 'अगं आई गं!' ही किंकाळीही परिपत्रकातून आल्यासारखी वाटते. दोष टंकाचा नाही, तो किंकाळ्यांसाठी घडवलेलाच नव्हता.

मांडणी कोणती घ्यावी हे वाचक कोठे वाचतो यावर ठरते. दक्षिण कोरियात नेव्हर या कंपनीने २००४ साली वेबटून सुरू केल्यानंतर चौकटी एकाखाली एक रचून बोटाने वर सरकवीत वाचावयाच्या उभ्या मांडणीचा प्रसार झाला. वेबटूनवर चित्राची रुंदी ८०० पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे ८०० सूक्ष्म ठिपके, एवढी ठेवतात. इन्स्टाग्रामवर चौरस चौकटी आडव्या सरकवतात. चर्नी रोड स्थानकावर या दोन मांडण्यांची विभागणी आपोआप होते: चर्चगेटकडे जाणाऱ्याला मध्ये एकटे मरीन लाइन्स लागत असल्यामुळे चार चौकटींपुरतीच सवड मिळते, तर विरारकडे जाणाऱ्याला उभ्या मांडणीचा प्रदीर्घ भाग वाचूनही मागचे दोन भाग पुन्हा पाहता येतात. शिवाय गिरगाव सोडून उपनगरांत गेलेला माणूस जाताना कपाट विसरेल पण चाळ विसरणार नाही, त्यामुळे ठाकूरद्वारच्या मालिकेचा हक्काचा वाचक ठाकूरद्वारला क्वचितच राहतो आणि तो नेमका लांबच्या गाडीत असतो. उभी मांडणी निवडण्यास यापेक्षा सबळ समाजशास्त्रीय कारण मिळणे कठीण आहे.

आता वेळापत्रक, म्हणजे जेथे बहुतेक मालिका खरोखर मरतात ते ठिकाण. प्रसिद्ध करण्यापूर्वी तयार करून ठेवलेल्या भागांना साठा म्हणावे. आठवड्याला एक भाग द्यावयाचा असेल तर आठ भागांचा साठा म्हणजे दोन महिन्यांची अब्रू. 'पीनट्स'चे चार्ल्स शुल्ट्झ यांनी १९५० पासून २००० पर्यंत १७,८९७ भाग स्वतःच्या हाताने काढले. पण ते गिरगावात राहत नव्हते, हे लक्षात घ्यावयास हवे. येथे गुढीपाडव्याची शोभायात्रा असते, दहीहंडी असते, आणि १८९३ साली केशवजी नाईकांच्या चाळीत सुरू झालेल्या सार्वजनिक गणेशोत्सवापासून पुढे दिवाळीपर्यंत पंचांग कलावंताला श्वास घेऊ देत नाही. मालिकाकार हा वाडीतला जाहीर चित्रकार असल्यामुळे देखाव्याचा पडदा, वर्गणीचा फलक, कोणाच्या मुंजीची पत्रिका आणि 'येथे चपला काढू नयेत' ही पाटी अशी सर्व कामे 'तुला काय, पाच मिनिटांचं काम' या दराने त्याच्याकडे येतात. म्हणून ठाकूरद्वारच्या मालिकाकाराने साठा आषाढ संपण्यापूर्वी भरावा. श्रावण लागल्यावर काढलेली चित्रे मंडळाची असतात.

राहता राहिला पैसा, आणि तो खरोखरच राहतो. नागपूरचे रोहन चक्रवर्ती यांनी दंतवैद्यकाचे शिक्षण घेऊनही 'ग्रीन ह्यूमर' ही वन्यप्राण्यांवरची इंग्रजी चित्रमालिका इंटरनेटवर नेटाने चालवली आणि ती पुढे वृत्तपत्रांत व पुस्तकांत गेली. त्यामागे त्यांचा प्राण्यांचा अभ्यास होता, आणि दंतवैद्यकाचा उपयोग झालाच असेल तर तो मगरीचा जबडा काढण्यापुरता. चाळीतल्या वडीलधाऱ्यांना हे उदाहरण सांगितले असता ते त्यातला पूर्वार्ध तेवढा ऐकतात आणि 'म्हणजे आधी दंतवैद्य व्हायचं' असा निष्कर्ष काढतात. मालिकेवर घर चालेल की नाही हा प्रश्न पहिल्या वर्षी विचारू नये. घर चालवून मालिका चालते की नाही, एवढेच पाहावे.

या सर्व विवेचनाचे सार असे की वेबकॉमिकला प्रतिभेपेक्षा वार पाळणारा माणूस अधिक मानवतो. नाव, चिन्ह, मणी आणि पोर्तुगीज यांना काही काळ थांबवून चार चौकटींचा एक भाग पूर्ण करावा, तसेच आणखी सात साठवावेत, वार जाहीर करावा आणि त्या वारी काहीही झाले तरी भाग द्यावा, मग तो थोडा वाकडातिकडा का असेना. पहिला भाग हौसेने निघतो आणि त्याचे कौतुक घरचे करतात. पाचवा भाग चिडून निघतो आणि त्याचे कौतुक कोणी करीत नाही. दहाव्याच्या सुमारास, एका बुधवारी उशीर झाला असता, चाळीतल्या ज्या नानांनी आजवर एकही अंगठा दिलेला नाही ते जिन्यात अडवून 'काय रे, आजचा नाही आला?' असे दम दिल्यासारखे विचारतात. त्या क्षणी मालिका सुरू झाली असे समजावे. कारण तेथून पुढे ती बंद करण्याचा अधिकार मालिकाकाराकडे राहत नाही, आणि राजीनामा द्यायचाच झाला तर तो नानांकडे द्यावा लागतो, जे तो घेत नाहीत.